प्रकल्प नोंदी: होड्या आणि किल्ल्याच्या प्रतिकृतींची विक्रीसाठी छायाचित्रे, मालवण, मे ते ऑगस्ट २०२५

५ मे २०२५

आबांच्या हातच्या फणसाच्या आणि शिवणीच्या लाकडातील होड्या, तसेच भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर छापलेली गलबते, गुराबा (तोफा असलेली लढाऊ जहाजे) व सिंधुदुर्गाची प्रतिकृती, असा दोन जातींचा माल गणेश चतुर्थीपूर्वी ऑनलाइन विक्रीस ठेवायचा आहे. चतुर्थी यंदा २७ ऑगस्टला येते. मुंबईकर चाकरमानी अशी खरेदी गावी निघण्याआधीच उरकतात, त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सर्व छायाचित्रे तयार असली पाहिजेत. घरात जुना क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, डीएसएलआर, ५० मिलिमीटरची लेन्स, एक डगमगता ट्रायपॉड आणि दोन मोबाइल आहेत. यापलीकडे शक्यतो काही विकत घ्यायचे नाही, असे ठरले आहे.

आजवर व्हॉट्सॲपवर आलेली विचारणा पुन्हा वाचून काढली. फिरून फिरून तीनच प्रश्न येतात: वस्तू नेमकी केवढी आहे, लाकडाची आहे की प्लास्टिकची, आणि रंग फोटोत आहे तसाच येईल ना. छायाचित्र कितीही देखणे असले तरी हे तीन प्रश्न उरत असतील तर ते विक्रीच्या कामाचे नाही, ही या प्रकल्पाची कसोटी धरली आहे.

सध्याची छायाचित्रे खळ्यात, म्हणजे अंगणात, भर दुपारी घेतलेली आहेत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालवणात सूर्य मध्यान्ही जवळजवळ थेट डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मावते. होडीचा वरचा काठ अशा वेळी पांढरा फटफटीत होतो आणि काठाखालची सगळी गोलाई काळोखात जाते, म्हणजे सुताराने ज्या गोलाईवर सर्वांत जास्त वेळ घालवला तीच नेमकी दिसत नाही. शिवाय पीएलए हे छपाईचे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. गडद रंगाचे गलबत मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) किंवा बंद गाडीत ठेवणे त्याच्या डोलकाठ्यांना मानवणारे नाही. खळ्यातले चित्रीकरण यापुढे बंद.

११ मे २०२५

पडवीत जागा लावली. उत्तरेकडच्या खिडकीचा प्रकाश दिवसभर मऊ राहतो, असे छायाचित्रणाच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते. परंतु ती पुस्तके बहुधा कर्कवृत्ताच्या बऱ्याच वरच्या देशांत लिहिली जातात. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्याच अंगाला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या पडवीत तिरपे ऊन सरळ आत येते. पडवीचे छप्पर खाली उतरलेले असल्यामुळे साधारण दहा ते तीन या वेळेत मात्र आत थेट ऊन नसते. तेवढाच वेळ कामाचा आहे.

दुसरी अडचण रंगाची आहे. घराची भिंत चिऱ्याची, गिलावा न केलेली. तिच्यावरून परतणारा प्रकाश तांबूस असतो, तर समोरच्या माडांतून आणि हापूसच्या कलमांतून गाळून येणारा प्रकाश हिरवट असतो. पांढऱ्या कार्डशीटवर ठेवलेल्या होडीची एक बाजू त्यामुळे तांबूस आणि दुसरी हिरवट दिसते, आणि कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळवणी, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी घुटमळतो. फणसाचे लाकूड मुळात पिवळे असल्याने त्याच्यावर हा हिरवा रंग लगेच उठून दिसतो.

उपाय दोन केले. भिंतीकडच्या बाजूला, वस्तूपासून हातभर अंतरावर, पांढरा फलक उभा केला, म्हणजे चिऱ्याचा रंग वस्तूपर्यंत पोहोचतच नाही. दुसरे म्हणजे १८ टक्के राखाडी कार्ड वस्तूच्या जागी ठेवून आधी एक छायाचित्र घेतले आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स हाताने पक्का केला. ढग आला किंवा गेला की कार्ड पुन्हा ठेवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण रंगाच्या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही. संगणकावर डोळ्यांच्या अंदाजाने रंग जुळवत बसलो तर प्रत्येक होडी वेगळ्या झाडाची वाटेल.

१७ मे २०२५

मोबाइलने घेतलेल्या जुन्या छायाचित्रांत होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, अवाढव्य आणि मागची बाजू चिमुकली दिसते. लोक याचा दोष लेन्सला देतात. प्रत्यक्षात तो अंतराचा आहे. होडी ३० सेंटिमीटर लांब आहे असे धरू. मोबाइल नाळेपासून २५ सेंटिमीटरवर असेल तर मागचे टोक ५५ सेंटिमीटरवर पडते, म्हणजे नाळ मागच्या टोकाच्या मानाने दुपटीहून मोठी दिसते. तोच मोबाइल एक मीटरवर नेला की हे गुणोत्तर १.३ वर येते आणि होडी होडीसारखी दिसू लागते. एवढ्या अंतरावरून चौकट भरण्यासाठी दुप्पट झूम वापरावा. मोबाइलमध्ये त्यासाठी वेगळी लेन्स असेल तर उत्तमच.

जवळ जाण्याचे आणखी दोन तोटे आहेत. मोबाइल वस्तूच्या फार जवळ गेला की तो आपल्याला न विचारता रुंद कोनाच्या लेन्सवर उडी मारतो, त्याला मॅक्रो म्हणतो, आणि प्रमाण आणखी बिघडवतो. शिवाय त्याची स्वतःची सावली वस्तूवर पडते. मॅक्रोची ही आपोआप होणारी अदलाबदल सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. मुख्य छायाचित्रांसाठी डीएसएलआर, ५० मिलिमीटर, अंतर किमान एक मीटर, हे पक्के.

२१ मे २०२५

दिवसभर पाऊस. वीज गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. काम नाही.

२६ मे २०२५

मोसमी पाऊस यंदा कालच, म्हणजे २५ मेला, कोकणात दाखल झाला. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर लागणारी झावळांच्या झड्यांची, म्हणजे पावसापासूनच्या आडोशांची, घाई या वेळी मे महिन्यातच उडाली. झड्या लागल्या की पडवी काळोखी होते. भिंतींसाठी त्या आवश्यकच आहेत, तेव्हा छायाचित्रांची जागा माजघरात हलवली आणि प्रकाश विजेचा घेतला.

प्रकाशाचा मऊपणा दिव्याच्या किमतीवर अवलंबून नसून वस्तूच्या मानाने उगम किती मोठा दिसतो यावर असतो. उघडा बल्ब लहान असतो, म्हणून सावलीची कड सुरीसारखी पडते. त्याच बल्बच्या पुढे ट्रायपॉडएवढी लाकडी चौकट उभी करून तिच्यावर पांढरे कापड ताणले की कापड हाच नवा दिवा होतो. आधी धोतराचे कापड लावले होते. चाचणीत पांढरे कार्ड निळसर आले, आणि वहिनींनी पाहताक्षणी कारण सांगितले: धोतराला नीळ दिलेली आहे. निळीतून गाळलेला प्रकाश निळसरच येणार. आता न धुतलेले, नीळ न लागलेले मलमल लावले आहे. बटर पेपरही चालतो, पण दमट हवेत तो दोन दिवसांत सुरकुततो.

सावलीच्या बाजूने प्रकाश परतवण्यासाठी थर्माकोल लागतो. मालवणात तो विकत घ्यायची गरजच नाही, कारण मासळी बर्फात भरून पाठवण्याच्या पेट्यांची झाकणे बंदरावर मिळतात. झाकणे साबणाने धुऊन घेतली. तरीही माजघरात बांगड्याचा वास येतो आणि मांजर चित्रीकरणाला नेमाने हजर असते.

२ जून २०२५

दोन किरकोळ नोंदी. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. शटर फार वेगवान ठेवले तर चित्रात आडवे पट्टे उमटतात. ट्रायपॉड आहेच, तेव्हा शटर १/५० किंवा त्याहून संथ, आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचा टायमर, असे ठेवले.

दुसरी नोंद रंगाच्या अचूकतेची. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा अधिक लिहिलेला बल्ब वेगळा मागून घेतला. या प्रकल्पातील ही एकमेव खरेदी ठरली आणि तिची भरपाई लगेच झाली. साध्या बल्बच्या प्रकाशात तांबड्या रंगाचा अंश कमी असतो, त्यामुळे शिवणीचे फिकट लाकूड आजारी आणि फणसाचे सोनेरी लाकूड मळकट दिसत होते. माजघरातील पिवळा बल्ब चित्रीकरणाच्या वेळी बंद ठेवायचा, ही सूचना स्विचवर चिकटवली आहे.

८ जून २०२५

आजची नोंद लांबणार आहे, कारण दोन जातींच्या मालाला एकच मांडणी का चालत नाही, याचा उलगडा आज झाला.

मऊ प्रकाश समोरून, किंचित वरून देऊन आबांच्या होडीचे छायाचित्र घेतले. ते स्वच्छ आले, सावल्या हलक्या होत्या, रंगही बरोबर होता. आबांना संगणकावर दाखवले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “होडी बरी दिसता, पण लाकूड खंय दिसता?” त्यांचे म्हणणे खरे होते. समोरून येणारा प्रकाश प्रत्येक खाचेत सारखाच शिरतो, त्यामुळे खाच दिसतच नाही. रंध्याची पुसटशी रेघ, फणसाच्या लाकडाची बारीक छिद्रे, फळीची शीर, हे सगळे सपाट झाले होते. अशी होडी कोणी प्लास्टिकची समजला तर त्याला दोष देता येणार नाही.

मग दिवा होडीच्या वर नेला आणि इतका मागे सरकवला की प्रकाश होडीच्या कुशीवरून खाली घासत यावा. लाकडाची शीर नाळेपासून मागपर्यंत, लांबीच्या दिशेने धावते. प्रकाश तिला काटकोनात आडवा आला की शिरेच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला बारीक सावली पडते. कुशीवर जिथे पटाशी थांबून पुन्हा चालली होती ती जागासुद्धा दिसू लागली. थर्माकोलचे झाकण खालून, थोडे लांब ठेवले, म्हणजे बुडाची गोलाई काळी पडत नाही पण शिरेच्या सावल्याही पुसल्या जात नाहीत. झाकण फार जवळ आणले की दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश पडून पुन्हा सपाटपणा येतो.

हीच मांडणी जशीच्या तशी छापील गलबताला लावली आणि ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसू लागले. कारण उघड आहे. प्रिंटर वस्तू आडव्या थरांनी रचतो. भाचा सहसा ०.२ मिलिमीटरचा थर ठेवतो आणि दोन थरांमधली खाच आडवी असते. वरून घासत येणारा प्रकाश त्या प्रत्येक खाचेत सावली पाडतो. दिवा वरून काढून गलबताच्या बाजूला, साधारण त्याच्याच उंचीवर ठेवला, की प्रकाश खाचांच्या लांबीतून वाहतो आणि खाचेत सावली पडायला जागाच राहत नाही. थर नाहीसे होत नाहीत, पण गलबताच्या आकाराहून मोठे दिसत नाहीत.

यातून कायमची रीत ठरली. लाकडाला प्रकाश शिरेच्या आडवा, छापील वस्तूला थरांच्या लांबीतून. माजघराच्या जमिनीवर खडूने दिव्याच्या दोन जागा आखून ठेवल्या आहेत. आणखी एक गोष्ट: प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. बाजूचा दिवा गलबताच्या जवळच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर ठेवला तर ३० सेंटिमीटर लांबीच्या गलबताच्या दूरच्या टोकाला चौथाई प्रकाशच पोहोचतो. दिवा एक मीटरवर नेला की दूरच्या टोकाला सुमारे ६० टक्के पोहोचतो. मात्र दिवा दूर गेला की तो वस्तूच्या मानाने लहान होतो आणि सावली कठीण होते, म्हणून कापडाची चौकट त्या प्रमाणात मोठी करावी लागते. आमच्याकडे शेवटी दाराच्या एका फळीएवढी चौकट झाली.

१५ जून २०२५

थर किती दाखवायचे यावर भाच्याशी बोलणे झाले. संगणकावर थोडा धूसरपणा देऊन कूस गुळगुळीत करता येते आणि अनेक विक्रेते तसे करतात. भाचा म्हणाला, “मामा, मशीनचं काम आहे तर मशीनचं दिसू दे. हातात घेतल्यावर थर दिसणारच आहेत, मग खोकं परत कोण घेणार?” माझेही मत तेच आहे. मुख्य छायाचित्रात प्रकाश थरांना झुकते माप देणारा नसावा, एवढे आमच्या हाती आहे. त्याच्या सोबतीला कुशीचे एक अगदी जवळचे छायाचित्र द्यायचे, त्यात थर जसेच्या तसे दिसावेत आणि खाली थराची जाडी लिहावी. लाकडाच्या होडीचेही तसेच जवळचे छायाचित्र द्यायचे. ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की लाकूड की प्लास्टिक, हा प्रश्न विचारायची कोणालाच गरज उरत नाही.

मोबाइलने काढलेल्या चित्रांबाबत एक सावधगिरी लिहून ठेवतो. मोबाइल आपण होऊन कडा धारदार करतो आणि प्रकाश-सावलीचा मेळ घालतो. त्यात थरांच्या रेघा प्रत्यक्षापेक्षा गडद होतात आणि शिडाभोवती पांढरी किनार उमटते. एचडीआर आणि सौंदर्यवर्धनाची सगळी बटणे बंद ठेवली.

२४ जून २०२५

उलांडीच्या होडीने आज पूर्ण दिवस खाल्ला. उलांडी, म्हणजे होडीचा तोल सांभाळणारे लाकूड, होडीपासून बाजूला निघालेली असते, तिला जोडणाऱ्या आडव्या काठ्या सुंभाने बांधलेल्या असतात, आणि आबांनी ती बांधणी खऱ्या होडीत असते तशी, काथ्याचा एकेक पदर वेगळा करून केलेली आहे. नाळेवर फोकस धरला तर हे बांध धूसर होतात आणि बांधांवर धरला तर नाळ जाते. ५० मिलिमीटरची लेन्स, एक मीटर अंतर आणि लेन्सच्या छिद्राचे एफ/८ हे माप (आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) असताना आमच्या कॅमेऱ्यावर स्पष्टतेची खोली सुमारे १२ सेंटिमीटर मिळते, आणि तिरकी ठेवलेली ही होडी उलांडीसकट त्याच्या दुपटीहून अधिक खोल आहे.

छिद्र आणखी लहान करता येते, पण एफ/१६च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र किंचित मऊ पडते. जिथे सुंभाचा पदर दाखवायचा आहे तिथे ते नको. म्हणून एफ/११वर, ट्रायपॉड न हलवता, फोकस नाळेपासून मागे थोडा थोडा सरकवत छायाचित्रांची मालिका घेतली आणि संगणकावर प्रत्येकातील स्पष्ट भाग एकत्र जोडला. या पद्धतीत फोकस हाताने धरावा लागतो, प्रकाश आणि व्हाइट बॅलन्स मालिकाभर तोच राहावा लागतो, आणि घरातल्या कोणी लाकडी तक्तपोशीवरून चालता कामा नये. शेवटची अट सर्वांत अवघड गेली. जोडलेल्या चित्रात काठीच्या मागची उलांडीची कड दुहेरी आली होती, ती हाताने साफ केली. प्रत्येक वस्तूसाठी हा उद्योग करण्यात अर्थ नाही. बाजूने सरळ घेतलेल्या छायाचित्रात होडीची फारशी खोली नसतेच, तिथे एफ/८ पुरेसे आहे.

१ जुलै २०२५

हवेतील ओलावा आता प्रत्येक गोष्टीत शिरला आहे. पार्श्वभूमीचे कार्डशीट लाटांसारखे उठले, आणि प्रत्येक लाटेची सावली वस्तूमागे दिसू लागली. त्याऐवजी फ्लेक्सच्या बॅनरची कोरी पांढरी बाजू मागून पुढे गोलाईत सोडली; ती ओलाव्याला दाद देत नाही आणि मासळीच्या पेटीचे पाणी लागले तरी पुसून घेता येते. तिला किंचित चकाकी आहे, पण दिवा बाजूला असताना ती जाणवत नाही.

फिलामेंटलाही, म्हणजे छपाईच्या प्लास्टिकच्या धाग्यालाही, ओलावा लागतो. ओल्या पीएलएने छापलेल्या गलबताच्या दोरखंडांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू राहतात; हातात घेतल्यावर ते सहज नजरेआड होतात, मोठ्या केलेल्या छायाचित्रात मुळीच नाही. भाच्याने रीळ ५० अंशांच्या आत काही तास सुकवून पुन्हा छापले. चित्र संगणकावर साफ करत बसण्यापेक्षा वस्तूच साफ करणे केव्हाही स्वस्त, म्हणून चित्रीकरणापूर्वी मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंक्याने प्रत्येक वस्तू झाडण्याचा नियम केला. राखाडी गलबतावरची धूळ डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला ती दिसल्यावाचून राहत नाही.

कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतो. लेन्सच्या आत बुरशी धरली की ती काचेवर जाळे विणते आणि कायमचा डाग ठेवून जाते. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळे करावेत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा सल्ला शेजारून आला होता. तांदळाचा पिठूळ भुसा लेन्सच्या फटीत जातो, तेव्हा तांदूळ भातासाठीच ठेवावेत.

१३ जुलै २०२५

परवा, ११ जुलैला, मराठा लष्करी भूदृश्यांमधील १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रातील असून बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि आमच्या समोरचा सिंधुदुर्ग, हे चार सागराशी निगडित दुर्ग त्यात आहेत. कालपासून किल्ल्याच्या प्रतिकृतीची विचारणा एकदम वाढली. क्रमात शेवटी ठेवलेले काम त्यामुळे आज हाती घेतले.

ही प्रतिकृती छायाचित्रासाठी सर्वांत हट्टी आहे. कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी झालेला हा किल्ला सुमारे ४८ एकरांवर पसरलेला आहे आणि तटाची उंची साधारण ९ मीटर आहे. भाच्याने तो १:१५०० या प्रमाणात छापला, म्हणजे प्रतिकृती दोन्ही बाजूंनी वीतभराहून मोठी आणि तट अवघा ६ मिलिमीटर उंच. वरून छायाचित्र घेतले तर नागमोडी तटाची आखणी उत्तम दिसते, पण तो कागदावरचा नकाशाच वाटतो. खालून घेतले तर पुढच्या तटामागे बाकीचा किल्ला लपतो आणि समोर एक खरबरीत पट्टी उरते. तटाची उंची दुप्पट छापण्याचा विचार झाला. प्रतिकृती बनवणारे अनेक जण तसे करतात. आम्ही तो सोडून दिला, कारण ज्याने बोटीतून जाऊन हा किल्ला पाहिला आहे त्याला तो लगेच खोटा वाटेल, आणि विकत घेणारे बहुतेक तेच आहेत.

उंची प्रकाशाने दाखवली. कॅमेरा जमिनीपासून ३५ अंशांच्या कोनात आणि दिवा समोरच्या डाव्या कोपऱ्यातून २० अंशांवर आणला. २० अंशांच्या प्रकाशात ६ मिलिमीटरच्या तटाची सावली १६ मिलिमीटरपर्यंत लांबते, त्यामुळे प्रत्येक बुरूज आपली जागा स्वतः दाखवतो आणि दोन बुरुजांच्या वळणात दडवलेला महादरवाजा सावलीतल्या एका खाचेने ओळखू येतो. इथे कापडाची चौकट काढून टाकली. मऊ प्रकाशात एवढ्या बारीक सावल्या विरघळून जातात. या एका वस्तूला उघडा, दूरचा, लहान दिवाच हवा.

त्यातून नवी अडचण निघाली. घासत येणाऱ्या प्रकाशाने किल्ल्यातील सपाट जमिनीवर प्रिंटरच्या नोझलच्या तिरक्या रेघा नांगरटीसारख्या उठून दिसू लागल्या. उभ्या तटांच्या थरांवर हा प्रकाश जवळजवळ समोरून पडतो, म्हणून तिथे त्रास नाही. त्रास फक्त वरच्या पृष्ठभागाचा आहे. भाच्याने स्लायसरमध्ये, म्हणजे प्रतिकृतीचे थर पाडून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आयर्निंग चालू करून, म्हणजे शेवटच्या थरावरून गरम नोझल पुन्हा एकदा फिरवून, आणि रेघांची दिशा दिव्याच्या दिशेला समांतर ठेवून नवी प्रत छापली. ती छापायला रात्र गेली; वीज सुदैवाने टिकली. छायाचित्र काय मागते आहे ते छपाईच्या आधी ठाऊक असले तर दोन्ही कामे सोपी होतात. पुढच्या विजयदुर्गासाठी प्रकाशाची दिशा आधी ठरवून मगच छापायचे.

२० जुलै २०२५

आकाराचा प्रश्न. सेंटिमीटरमधली मापे वर्णनात लिहिलेली असतात आणि ती कोणी वाचत नाही. चित्रातच काहीतरी ओळखीचे हवे. १० रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते सर्वांच्या खिशात असते, म्हणून किल्ल्याच्या शेजारी ते ठेवले. होडीसाठी नाणे फार लहान पडते. तिथे वहिनींच्या तळहातावर होडी ठेवून घेतलेले छायाचित्र सर्वांत बोलके ठरले. हात वस्तूच्याच पातळीत, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर असला पाहिजे. हात पुढे आला की होडी लहान वाटते, मागे गेला की मोठी. एका बाजूच्या छायाचित्रावर लांबी आणि उंचीच्या बाणांसह आकडेही घातले आहेत, पण मुख्य छायाचित्रावर अक्षरे किंवा बाण काही नाही.

२७ जुलै २०२५

तेल पाजलेल्या होड्यांवर दिव्याचा पांढरा डाग पडतो. गावातील स्टुडिओतून सर्क्युलर पोलरायझर उसना आणला. लाकूड, तेल आणि लाख यांवरची चकाकी तो बरीच खाऊन टाकतो. धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. फिल्टर पूर्ण फिरवला तर तेलाचा तजेलाच जातो आणि होडी कोरडी दिसते, म्हणून काठावर चकाकीची एक बारीक पट्टी राहील एवढाच फिरवला. फिल्टरमुळे प्रकाश निम्म्याहून कमी होतो, तेवढे शटर वाढवावे.

३ ऑगस्ट २०२५

फाइलींचे काम. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक सरासरी राखाडी गृहीत धरते, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीचे चित्र करडे येते; म्हणून उघडीप (एक्स्पोजर) ०.७ ते १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून घेतलेली छायाचित्रेच निवडली. ॲमेझॉनवर मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा व निळा हे तिन्ही आकडे २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. मोठे करून पाहण्याची सोय मिळण्यासाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेलची हवी. आम्ही सर्व चित्रे २००० पिक्सेलची, एसआरजीबी रंगपद्धतीत ठेवली. दुसरी रंगपद्धती ठेवली तर काही मोबाइलवर रंग फिके दिसतात. पार्श्वभूमी पांढरी करताना वस्तूखालची हलकी सावली ठेवली, अन्यथा होडी हवेत तरंगते.

पांढऱ्या शिडाची होडी पांढऱ्यावर विरून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या बाहेर, काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या ठेवल्या, त्यामुळे शिडाच्या कडांना बारीक गडद रेघ मिळाली.

प्रत्येक वस्तूच्या चित्रांचा क्रम असा ठेवला आहे: तिरके मुख्य चित्र, बाजूचे, मागचे, बुडाचे, जवळचे, हातातले, आणि शेवटी खोक्यात भरलेले. बुडाचे चित्र कोणी देत नाही. वस्तू खालून नीट घासलेली आहे का, हे मात्र गिऱ्हाइकाला हवे असते. व्हॉट्सॲपवर चित्र मागणाऱ्यांना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, कारण साधे पाठवलेले चित्र दाबले जाते आणि लाकडाची शीर त्यात पहिली बळी पडते.

९ ऑगस्ट २०२५

काल नारळी पौर्णिमा झाली. बंदरावर गर्दी असल्याने किनाऱ्यावरचे छायाचित्र आज सकाळी, ढगाळ उजेडात घेतले: खऱ्या होडीच्या काठावर आबांची होडी ठेवून, दोन्ही काठ एका रेषेत येतील असे. खाऱ्या वाऱ्यात लेन्स फार वेळ उघडी ठेवली नाही आणि घरी आल्यावर कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवला. हे चित्र दुसऱ्या क्रमांकावर जाईल, मुख्य चित्राच्या जागी नाही, कारण वाळू, दोर आणि रंगीत होड्यांच्या गर्दीत लहान पडद्यावर विकायची वस्तू शोधावी लागते.

लाकडी होड्या, राखाडी गलबते आणि किल्ला यांची चित्रे आज चढवली. काळ्या पीएलएच्या गुराबा मागे ठेवल्या आहेत. काळा रंग प्रकाश पिऊन टाकतो आणि तोफांच्या खिडक्या कुशीपासून वेगळ्या दिसत नाहीत. मागून दोन्ही बाजूंनी पांढरे फलक लावून कडा उजळल्या तरी मधला भाग काळाच राहतो. भाचा त्या गडद राखाडी, चकाकी नसलेल्या फिलामेंटमध्ये पुन्हा छापतो आहे. रीळ कोल्हापूरहून गुरुवारपर्यंत येईल, त्यानंतर बाजूच्या दिव्याची खडूने आखलेली जागा वापरून त्यांचे काम करायचे.